धोटा कोणी घडवायचा?

हत्यारांचा इतिहास आपल्याकडे क्वचितच लिहिला जातो. राज्यांचा आणि लढायांचा इतिहास लिहिला जातो. पण ज्या हत्यारांनी किल्ल्यांचे दरवाजे, नावांची सुकाणे आणि मागांचे धोटे घडवले, ती हत्यारे कोणाच्या हाती होती आणि कोणाच्या हाती जाऊ दिली गेली नाहीत, याची नोंद सापडत नाही. मी इतिहासाचा अध्यापक असून भिवंडी तालुक्यातील कोन या गावी राहतो. आमच्या गावापलीकडे खाडी आहे आणि खाडीच्या त्या तीरावर कल्याणचा दुर्गाडी किल्ला. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडीचा मुलूख शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला आणि या खाडीत मराठी आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली, हे शाळेतील प्रत्येक पोराला ठाऊक असते. परंतु त्या जहाजांचे लाकूड कोणी तासले, कोणी वाहिले, फळीला फळी कोणी जोडली, हे विचारले की पाठ्यपुस्तक मुके होते.

अलीकडे शाळा-महाविद्यालयांतून एक नवी प्रयोगशाळा दिसू लागली आहे. तिच्यात एका टेबलावर संगणक, लेसर कटर आणि थ्रीडी प्रिंटर असतो, तर दुसऱ्या टेबलावर करवत, रंधा, पटाशी आणि कानस. विद्यार्थ्यांनी वस्तूचे चित्र संगणकावर काढावे, यंत्राकडून तिचे भाग कापून घ्यावेत आणि हाताने ते तासून, घासून जोडावेत, अशी ही पद्धत आहे. वर्तमानपत्रांतून तिचे कौतुक होते. कौतुकाला माझी हरकत नाही. परंतु ज्या समाजात डोक्याचे काम एका जातीकडे आणि हाताचे काम दुसऱ्या जातीकडे शतकानुशतके वाटून दिलेले होते, त्या समाजात एकाच खोलीत मांडलेली ही दोन टेबले म्हणजे साधी गोष्ट नव्हे. आखणारा आणि घासणारा या खोलीत एकच माणूस होतो की पुन्हा दोन वेगळी माणसे होतात? माझ्या मते या प्रयोगशाळेचे मूल्यमापन याच एका प्रश्नावर झाले पाहिजे. हा प्रश्न किती खोल आहे हे समजण्यासाठी लाकडाच्या एका लहानशा वस्तूचा इतिहास पाहू. ती वस्तू म्हणजे धोटा.

१

भिवंडीच्या वाचकाला धोटा काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. फूटभराहून थोडा लांब, दोन्ही टोकांना निमुळता, टोकांवर धातूची टोपणे बसवलेला हा लाकडी ठोकळा मागावर उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो. त्याच्या पोटात सुताची कांडी असते आणि कुशीला एक बारीक छिद्र. कांडी संपली की नवी घालायची आणि तिचा धागा त्या छिद्रातून बाहेर काढायचा. जुन्या पद्धतीच्या धोट्यात हे काम झटपट करण्याचा एकच उपाय होता. छिद्राला तोंड लावायचे आणि धागा श्वासाने ओढून घ्यायचा.

मुंबईच्या कापड गिरण्यांत याच एका कृतीवर अस्पृश्यतेची भिंत उभी राहिली. गिरणीत अस्पृश्य कामगार हजारोंनी होते. परंतु ते प्रामुख्याने रिंगखात्यात आणि अंगमेहनतीच्या कामांवर. विणाईच्या खात्यात, म्हणजे कामगारांच्या भाषेत साचाखात्यात, त्यांना प्रवेश नव्हता. साचेवाल्याची मिळकत रिंगखात्यातील कामगारापेक्षा पुष्कळ जास्त असे. कारण सांगितले जाई ते असे, की धोट्याला तोंड लावावे लागते. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा उद्या सवर्णाच्या हाती आला तर त्याने तो तोंडी कसा लावायचा?

हे कारण भांडवलदारांनी एकट्याने पुढे केले असते तर समजण्यासारखे होते. पण भिंत राखण्याचे काम स्पृश्य कामगारच करीत होते. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उघडपणे मांडला. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असे त्यांनी सांगितले, तेव्हाही विणाईखात्याची ही बंदी त्यांच्या भाषणात होती. कामगार म्हणून एक व्हा असे सांगणाऱ्यांनी आधी या खात्याचे दार उघडावे, असा त्या मागणीचा अर्थ होता.

येथे कोणी म्हणेल की अस्पृश्यांना विणकाम येत नसेल. वास्तविक पाहता विदर्भातील महार समाजात हातमागावर जाडेभरडे कापड विणणे हा पिढीजात व्यवसाय होता. ज्या हातांनी खेड्यातल्या माणसांची अंगे झाकली, त्या हातांच्या जातभाईंना गिरणीच्या मागापाशी मात्र मज्जाव होता. तेव्हा कौशल्याचा अभाव हे कारण नव्हे. कारण धोट्याच्या छिद्रात होते, असे सांगितले जात होते.

२

आता दुसरीकडे पाहू. धोट्याला तोंड लावण्याची रीत केवळ आपल्याकडची नव्हती. इंग्लंड-अमेरिकेतील गिरण्यांतही ती होती आणि तेथील कामगारांनी तिला 'मृत्यूचे चुंबन' असे नाव दिले होते. एकच धोटा अनेकांच्या तोंडी जातो, कापसाची धूळ छातीत जाते, क्षयासारखे रोग पसरतात, अशी तेथील तक्रार होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये असे धोटे वापरण्यास कायद्याने बंदी केली. त्यापूर्वीच, १८९४ मध्ये, त्याच राज्यातील ड्रेपर कंपनीने बाजारात आणलेल्या नॉर्थ्रप मागात धागा आपोआप ओवून घेणारा धोटा होता. छिद्राला एक तिरपी खाच दिली, की धागा बोटाने किंवा मागाच्या हालचालीने खाचेतून घसरत छिद्रात जाऊन बसतो; तोंड लावण्याची गरजच उरत नाही.

तारखा पुन्हा एकदा पाहाव्यात. १८९४ मध्ये उपाय उपलब्ध होता. १९११ मध्ये एका राज्याने तो सक्तीचा केला. आणि १९२८ मध्ये मुंबईत बाबासाहेबांना अजून त्याच छिद्रावरून भांडावे लागत होते. तेथे उष्ट्या धोट्याकडे सर्व कामगारांच्या आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिले गेले, म्हणून धोटा बदलला. येथे उष्ट्या धोट्याकडे विटाळाचा प्रश्न म्हणून पाहिले गेले, म्हणून धोटा तसाच राहिला आणि माणूस हाकलला गेला.

खाचेचा धोटा आणला असता तर अस्पृश्यता गेली असती, असा भाबडा दावा मी करीत नाही. पाण्याचा माठ होता, जेवणाची जागा होती. धोट्याचे निमित्त गेले असते तर दुसरे शोधले गेले असते. हत्यार बदलून जात मरत नाही. परंतु हत्याराची रचना ही काही ईश्वराची इच्छा नसते. ती कोणीतरी ठरवलेली असते आणि ती बदलता येते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला अशी निमित्ते सांगून गप्प बसवता येत नाही. आपल्या समाजाला धोटा हाताळू दिला गेला नाही, हा अन्याय झालाच. त्याहून मोठी गोष्ट ही की धोट्याची रचना करणाऱ्यांत आपल्यापैकी कोणीही नव्हते.

३

रचना करणाऱ्यांत आपण का नव्हतो, याचे उत्तर हत्यारांच्या शिक्षणाच्या इतिहासात आहे. बलुतेदारीत सुताराच्या पेटीतील रंधा, पटाशी, वाकस, गिरमिट सुताराच्याच मुलाकडे जात. त्याचे कौशल्य थोर होते. पण ते जातीच्या कुंपणात कोंडलेले होते. सुताराला कुंपणाबाहेर जाऊन गणित शिकता येत नव्हते आणि कुंपणाबाहेरच्याला आत येऊन पटाशी धरता येत नव्हती. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातिसंस्थेची चिकित्सा करताना नेमके हेच दाखवून दिले. ही व्यवस्था कामे वाटून थांबत नाही. ती काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडते आणि त्यांना उतरंडीवर बसवते.

म्हणून आपल्याकडे हस्तव्यवसायाच्या शिक्षणाचे नाव निघाले की दलित माणूस सावध होतो, आणि ही सावधगिरी अनुभवातून आलेली आहे. महाराष्ट्राबाहेरचे एक उदाहरण पुरेसे आहे. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शिक्षणाची नवी योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत यावे आणि उरलेला वेळ आईबापांच्या धंद्यात काम शिकावे, अशी ती होती. शब्द गोड होते. अर्थ असा की न्हाव्याच्या पोराने वस्तरा धरावा आणि चांभाराच्या पोराने रापी. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला कुलधंद्याची योजना म्हणून विरोध केला. खुद्द काँग्रेसमध्येही विरोध झाला. १९५४ मध्ये राजगोपालाचारी पायउतार झाले आणि कामराज सरकारने योजना मागे घेतली.

बाबासाहेबांचा मार्ग याच्या नेमका उलट होता. ऑक्टोबर १९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत असताना, अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना सादर केले. कला आणि कायदा यांच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भागणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे आणि ते खर्चिक असल्याने सरकारने शिष्यवृत्त्या दिल्या पाहिजेत, असे त्यात मांडले होते. त्याच निवेदनात सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत अस्पृश्य तरुणांना उमेदवार म्हणून घ्यावे, अशीही मागणी होती. हे दोन्ही एकत्र वाचले पाहिजे. विद्यापीठातील तंत्रज्ञान आणि कारखान्यातील हत्यार, दोन्ही त्यांना हवे होते. बापाचा धंदा पोराच्या गळ्यात बांधणारे शिक्षण आणि बापाला नाकारलेले हत्यार पोराच्या हाती देणारे शिक्षण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

४

आता त्या नव्या यंत्रांकडे वळू. संगणकाच्या आज्ञेने चालणारी कापणी ही काही निष्पाप जन्मलेली गोष्ट नाही. १९५२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे धातू कापण्याचे यंत्र दाखवण्यात आले. कल्पना जॉन पार्सन्स या कारखानदाराची आणि पैसा अमेरिकन वायुदलाचा. छिद्रे पाडलेल्या फितीवर आज्ञा लिहिलेल्या असत आणि यंत्र त्या वाचून कापत असे. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे, की या यंत्राचा एक मोठा आकर्षणबिंदू व्यवस्थापकांच्या दृष्टीने हा होता, की कारागिराच्या हातातील कौशल्य काढून ते कार्यालयातील टेबलावर नेता येईल. म्हणजे डोके आणि हात वेगळे करण्याचेच हे एक नवे साधन. जात ठाऊक नसलेल्या देशातही यंत्राने उतरंड रचली.

तेच तंत्र पुढे लहान झाले, स्वस्त झाले. १९९८ मध्ये त्याच संस्थेत नील गेर्शेनफेल्ड या प्राध्यापकाने जवळजवळ काहीही कसे बनवावे, अशा अर्थाच्या नावाचा एक वर्ग सुरू केला. त्यात एकच विद्यार्थी कल्पना करी, आराखडा काढी, कापी आणि जोडी. त्यातून फॅब लॅब नावाच्या लहान कार्यशाळांची कल्पना निघाली. अमेरिकेबाहेर ती प्रथम ज्या जागी रुजली त्यांत महाराष्ट्रातले एक खेडे आहे, याचा आपल्याकडे फारसा गवगवा झाला नाही. ते खेडे म्हणजे पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातले पाबळ.

पाबळला १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवलेला आणि हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन करणारा हा माणूस अवर्षणप्रवण भागात येऊन राहिला. शाळेच्या परीक्षेत मागे पडलेली, शिक्षण अर्धवट सुटलेली ग्रामीण मुले येथे सुतारकाम, जोडकाम, वीजकाम, शेती आणि पशुपालन करता करता विज्ञान शिकू लागली. शिकताना केलेले काम गावाला उपयोगी पडावे आणि त्याचे मोल मिळावे, हा तेथील दंडक. यातूनच मूलभूत तंत्रज्ञान हा विषय राज्यातील अनेक माध्यमिक शाळांत गेला. आठवड्यातला एक दिवस मुले हाताने काम करू लागली. २००२ मध्ये याच पाबळला फॅब लॅब उभी राहिली. कलबाग २००३ मध्ये वारले. आश्रम चालू राहिला.

हा प्रयोग जातिअंताचा कार्यक्रम म्हणून सुरू झालेला नव्हता, हे आपण लक्षात ठेवावे. तरीही त्याने एक गोष्ट सिद्ध केली. नापास म्हणून बाजूला टाकलेले पोर यंत्राचा आराखडा काढू शकते आणि आराखडा काढणाऱ्याचे हात भुशाने माखले तरी त्याची विद्या विटाळत नाही.

५

आता कोनकडे येतो. कल्याण-भिवंडी रस्त्यावरच्या आमच्या या भागात एका बाजूला यंत्रमागांची खडखड आणि दुसऱ्या बाजूला गोदामांच्या रांगा. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे कापडउत्पादन मोठ्या प्रमाणावर भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले, तेव्हा धोटाही आमच्या गल्लीबोळांत वाढला. माझे विद्यार्थी या दोहोंच्या मधल्या वस्त्यांतून येतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरातला पहिला पदवीधर तेच असणार आहेत, जसा माझ्या घरातला मी.

यातल्या आठ विद्यार्थ्यांना गेल्या वर्षी शेजारच्या शहरातील एका संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करण्याची संधी मिळाली. विषय मी सुचवला: धोटा. पहिल्याच आठवड्यात जे घडले ते इतिहासाच्या अध्यापकाला नवे नव्हते. ज्यांच्या घरी संगणक होता ती मुले संगणकापुढे बसली. वस्तीतली मुले लाकूड घासू लागली आणि भुसा झाडू लागली. कोणी कोणाला तसे सांगितले नव्हते. तेथील प्रशिक्षक म्हणाले, "ज्याला जे जमतं ते त्यानं करावं." हे वाक्य मला फार जुने वाटले. आम्ही बसून नियम केला. जो आखील तोच कापील, जो कापील तोच घासील आणि जो घासील तोच झाडील. आणि प्रत्येकाने चारही कामे करायची. प्रशिक्षकांना ते आवडले नाही, पण त्यांनी अडवले नाही.

भंगारातून एक जुना धोटा आणला. मुलांनी तो मोजला, संगणकावर काढला आणि आधी पातळ प्लायवूडचे थर लेसरने कापून नमुना जोडला. थर एकमेकांत सैल बसले, तेव्हा एक महत्त्वाचा धडा मिळाला. लेसरचा किरण जाताना थोडे लाकूड जाळून नेतो. चित्रातल्या रेषेला जाडी नसते, पण कापणाऱ्या रेषेला असते. तेवढे माप वाढवून धरल्यावर नमुना घट्ट बसला. गोदामांतून फेकलेल्या पॅलेटचे लाकूड सरावाला चालले. धोट्याला ते मऊ पडते, म्हणून खऱ्या धोट्यासाठी बाभळीचा तुकडा घेतला. बाभळीने पटाशीला दाद दिली नाही. मग कोनमधल्या एका वृद्ध सुतारकाकांना बोलावले. त्यांनी एका मुलीच्या हातातली पटाशी फिरवून दिली आणि म्हणाले, "पोरी, लाकडाची रेघ बघ आधी. उलटी घातलीस तर उसवणार ते." तिने रेघ पाहिली, पटाशी चालली. त्या काकांना आम्ही शिक्षक म्हणून मानधन दिले आणि वहीत शिक्षक म्हणूनच त्यांची नोंद केली, कारण त्यांनी त्या दिवशी जे शिकवले ते कोणत्याही संगणकात नव्हते.

शेवटचे काम छिद्राचे. तिरप्या खाचेचा एक लहान भाग मुलांनी थ्रीडी प्रिंटरवर काढला. पहिला ठिसूळ निघाला. दुसऱ्यात धागा प्लास्टिकच्या थरांना अडकला. तिसरा काचपेपरने घासून गुळगुळीत केला आणि धोट्याच्या कुशीत बसवला. त्याच मुलीने कांडी घातली, धागा दोन बोटांत धरून खाचेवरून ओढला आणि तो छिद्रात जाऊन बसला. तिचे आजोबा मुंबईच्या गिरणीत रिंगखात्यात होते. साचाखात्याची गोष्ट तिने घरी ऐकलेली होती. धागा दोन-तीनदा ओढून झाल्यावर तिने विचारले, "सर, एवढंच होतं का हे?"

एवढेच होते. आणि एवढ्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जास्त मजुरीचे खाते आपल्याला बंद होते.

६

एका धोट्याने गिरणी चालत नाही आणि आठ मुलांनी शिक्षणव्यवस्था बदलत नाही, हे मी जाणतो. मुंबईच्या त्या गिरण्याही आता राहिल्या नाहीत. म्हणून शेवटी धोरणाबद्दल बोलले पाहिजे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने अटल इनोव्हेशन मिशन सुरू केले आणि त्याखाली शाळाशाळांतून अटल टिंकरिंग लॅब उघडू लागल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान. त्यात थ्रीडी प्रिंटरही आला आणि हाताची हत्यारेही. योजना चांगली आहे. पण सुरुवातीच्या अटींत मैदानी भागातील शाळेकडे दीड हजार चौरस फूट जागा असावी, अशी अट होती. ज्या वस्तीतील शाळेत दोन वर्ग एका खोलीत भरतात, तिने ही जागा कोठून आणायची? अट जातीचे नाव घेत नाही. परंतु जागा कोणाकडे असते आणि कोणाकडे नसते, याला या देशात जातीचा इतिहास आहे. धोट्याचे छिद्रही जातीचे नाव घेत नव्हते.

तेव्हा आपण या प्रयोगशाळांकडे पाठ फिरवू नये आणि टाळ्याही वाजवू नयेत. आपल्या भागातील प्रयोगशाळेत जाऊन चार प्रश्न विचारावेत. तिची किल्ली कोणाकडे असते आणि संध्याकाळी, कामावरून सुटलेल्या मुलांसाठी ती उघडते का? संगणकावर बसणारी आणि झाडू मारणारी मुले एकच आहेत की वेगळी? सुतार, लोहार, मिस्त्री तेथे शिक्षक म्हणून येतात की दुरुस्तीला? आणि सूचना मुलांना समजणाऱ्या भाषेत लिहिलेल्या आहेत का? या प्रश्नांची उत्तरे वाईट असतील तर ती बदलून घेणे हे शिक्षकांचे, पालकांचे आणि आपल्या संघटनांचे काम आहे. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहासाठी आपण जसे भांडलो, तसे आता हत्यारासाठी भांडले पाहिजे.

आमच्या मुलांनी घडवलेला धोटा मी वर्गात ठेवला आहे. गिरणी कामगारांचा इतिहास शिकवताना तो बाकांवरून फिरतो. त्याच्यासोबत एक वही फिरते. तिच्यात आठही मुलांची आणि सुतारकाकांची नावे आहेत आणि प्रत्येक नावापुढे चारही कामे लिहिलेली आहेत.